चरापलीकडची पाच डबकी

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या घरात हळू बोलण्याची सोयच नव्हती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा-बारा तास उभे असायचे आणि त्या खटखटीने त्यांचे कान चाळिशीच्या आतच गेले होते. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच दुसरं एक खातं होतं. त्याचे लूम सुरू असले की फळीवरची भांडी बारीक थरथरायची. वीज गेली आणि लूम थांबले की गल्लीतल्या बायका दचकून दाराशी यायच्या, इतकी आम्हाला त्या आवाजाची सवय झाली होती. मी सगळा अभ्यास त्याच आवाजात केला. आज पन्नाशी उलटल्यावर, शांत कॉलनीतल्या बंद खिडकीच्या घरात वाचायला बसते तेव्हा माझं धड लक्ष लागत नाही. उठून पंखा मोठा करते.

मायकडे बाजारातून साड्या यायच्या. एकेक साडी मांडीवर घेऊन तिच्या पाठीमागचे सुटे धागे कात्रीने कापायचे, नाहीतर डिंकाने टिकल्या चिकटवायच्या, असं ते काम. घरभर कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. साड्यांचा गठ्ठा हेच माझं टेबल. त्यावर वही ठेवून लिहायला लागले की माय ओरडायची, "डाग पडी जाई वं सुमी!" आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, कॉलेजात गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी, असं माझं तोंड दिवसातून चारदा बदलायचं. जेवण मात्र बदलायचं नाही. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, रविवारी शेवभाजी आणि जमलं तर वांग्यात सुकट. सुकट टाकल्यावर तो वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि शेजारच्या काकू खिडकीतूनच वाटी पुढे करायच्या.

या घरात भानू आली ती सुकटीच्या वासानेच. प्लेगच्या धास्तीतून शहर सावरून दोनेक वर्षं झाली असतील. मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होते, भानू माझ्याच वर्गात. सुरतेच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या एका गावात तिचं घर. वडील आणि भाऊ होडी घेऊन मासेमारी करायचे. ती रोज दोन बस बदलून कॉलेजला यायची. अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघायची सवय. वर्गातल्या शहरी मुली तिच्यापासून जरा अंतर राखून बसायच्या आणि माझ्यापासूनही. म्हणून आम्ही दोघी एका बाकावर आलो. आम्ही गुजरातीत बोलायचो. इथे मी ते सगळं मराठीत लिहिते आहे, पण तिचा आवाज माझ्या कानात गुजरातीतच आहे.

पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा मायने तिच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. तिने नको म्हटलं नाही. तिसरी टाकली, तीही खाल्ली. माय हरखून गेली. "ही पोर मन लाईसन जेवस," मला म्हणाली, आणि तिला, "खाय वं पोरी, लाजू नको." भानूला अहिराणीतलं ओ की ठो कळत नसे, पण माय बोलली की ती मान हलवायची आणि दोघींचं जमायचं. पुढे ती शनिवारी कॉलेज सुटल्यावर माझ्याबरोबर यायचीच. येताना कधी ओल्या बोंबलांची पिशवी आणायची. मायच्या शेजारी फतकल मारून धागेही कापायची. आबा कामावरून आले की तिच्याकडे बघून मोठ्याने विचारायचे, "काय म्हनी राहिनी ती?" आणि ती त्यांच्याहून मोठ्याने ओरडून उत्तर द्यायची. आमच्या घरात न बिचकता ओरडणारं बाहेरचं माणूस ती एकच.

आमच्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. जुन्या सुरतेतल्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. कच्छच्या आखातातल्या प्रवाळांचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिकमतीवर सुरू केला होता. आमच्या सुरतेचा किनारा चिखलाचा. तिथे पोवळ्याचा खडक बघायला मिळत नाही, त्यासाठी जामनगरपर्यंत जावं लागतं. मॅडमचा प्रश्न दिसायला अगदी साधा होता. एका खडकाच्या आसऱ्याला अमुकच मासे का असतात? शेजारच्या खडकाला दुसरे का? त्या फळ्यावर खडकाचं चित्र काढून सांगायच्या की मासा भाडेकरूसारखा असतो, आपल्याला परवडेल आणि मानवेल अशी खोली बघून राहतो. जिवंत प्रवाळ जास्त, भोकं-कपारी जास्त, पाणी खोल, तिथे माशांच्या जाती जास्त. प्रवाळ मेलं की भाडेकरू निघाले. मला ते ऐकताक्षणी पटलं. ज्यांनी एका खोलीत सहा माणसं राहताना पाहिली आहेत त्यांना ते न पटण्यासारखं काय होतं?

भानूने मात्र हात वर केला. "मॅडम, आमच्या खाडीत भरती उतरल्यावर खड्डे राहतात. दोन खड्डे सारखेच असतात, तरी एकात बोय माशांची पिल्लं असतात आणि एकात दुसरंच काही. जे आधी शिरलं ते दुसऱ्याला येऊ देत नाही. आणि आधी कोण शिरणार ते त्या दिवशीच्या पाण्यावर."

मॅडम हसल्या. वाईट हसल्या नाहीत. "मग मोजून दाखव," म्हणाल्या.

आमच्या प्रबंधांचा विषय असा ठरला. आखातातल्या एका खडकावर ओहोटीला पाणी उतरलं की प्रवाळांमध्ये डबकी उरतात, त्यांत मासे अडकून राहतात. दहा डबकी भानूची, दहा माझी. प्रत्येक डबक्याची लांबी-रुंदी, खोली, जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, कपारी किती हे लिहायचं आणि मग पोटावर आडवं होऊन, तोंड पाण्याशी नेऊन, आतले मासे जातवार मोजायचे. वर्षात तीन खेपा, तिन्ही अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला. भानूची दहाही डबकी किनाऱ्याच्या बाजूला एका ओळीत होती. माझी पाच अलीकडे आणि पाच एका चराच्या पलीकडे. चर म्हणजे खडकाच्या मधून गेलेली पाण्याची पन्हळच. ओहोटीलाही त्यात कमरेइतकं पाणी असायचं.

पहिल्या खेपेची सकाळ मला अजून लख्ख आठवते. समुद्र मागे हटत गेला आणि खालून जमीन नव्हे, एक खडबडीत, हिरवी-तपकिरी, सुस्कारे टाकणारी वस्ती वर आली. पायाखाली काहीतरी फुसफुसत होतं, आत ओढून घेत होतं, दार लावत होतं. डबक्यात डोकं घातलं तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे एकदम वळले आणि एकदम थांबले. एक बारका राखाडी मासा आपल्या वीतभर शेवाळाची राखण करत होता. दुसरा कुणी जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायचा. मी लूमच्या गल्लीतली पोरगी, पोहता न येणारी. मला तिथून उठवेना. चर ओलांडायची वेळ आली तेव्हा मी काठाशीच थबकले. भानूने आपलं काम टाकलं, माझा हात धरला आणि मला पलीकडे नेलं. दुसऱ्या खेपेला मधोमध माझा पाय घसरला. क्षणभर पाणी डोक्यावरून गेलं, कानात भोंगा वाजल्यासारखं झालं. तिने मला वेणीला धरून ओढून काढलं आणि किनाऱ्यावर येईपर्यंत हसत होती, "अगं वेडे, एवढ्याशा पाण्यात कुणी मरतं का!" मी हसले नाही. तो भोंगा पुढे कित्येक दिवस माझ्या कानात राहिला.

दोन खेपांनंतर भानूची वही भरत आली तसं तिचं म्हणणं खरं होताना तिला दिसायला लागलं. तिची चौथी आणि पाचवी डबकी जुळी असल्यासारखी सारखी होती. तेवढीच खोल, प्रवाळही जवळपास तेवढंच. चौथ्यात पट्टेवाले मासे आणि पाचव्यात एकही नाही, तिथे नुसते तळाशी बसणारे ठिपकेवाले. ती शनिवारी आमच्या घरी साड्यांच्या गठ्ठ्यावर वही पसरून मला समजावायची. पिल्लं दूर कुठेतरी जन्मतात, प्रवाहाबरोबर वाहत येतात, आणि ज्या दिवशी ज्या डबक्यापाशी पाणी त्यांना आणून सोडतं तिथे राहतात. मग ती मोठी होतात आणि नव्यांना हाकलतात. "खोली चांगली असून काय उपयोग," ती म्हणाली, "आत आधीच कुणी कडी लावून बसलं असेल तर?" मी "हूं" म्हणायचे. मला तेव्हा मॅडमचं पटत होतं, आणि खरं सांगायचं तर मॅडमना काय पटतं याकडे माझं लक्ष जास्त होतं.

तिसऱ्या खेपेला मॅडमचा गुडघा दुखावला होता. त्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसल्या, आमच्याबरोबरचा वाटाड्याही त्यांच्यापाशीच थांबला. निघताना मॅडम म्हणाल्या, "दोघींनी एकाच वेळी मोजायचं. एका ओहोटीचे आकडे हवेत. एकमेकींत वेळ घालवू नका." म्हणजे हात धरायला भानू नाही. मी माझी अलीकडची पाच डबकी नीट मोजली. मग चरापाशी आले. पाणी हिरवं होतं, तळ दिसत नव्हता. मी एक पाय घातला, गुडघ्यापर्यंत गेला, काढून घेतला. पुन्हा घातला. भानूला हाक मारली असती तर ती आली असती. पण मागच्या खेपेचं ते हसणं आठवलं, आणि मॅडमचं बोलणंही, आणि मी हाक मारली नाही.

चराच्या काठी एक उंच खडक होता. त्याच्या एका कडेला बसलं की मॅडम बसल्या होत्या तो किनारा आड जायचा, भानूची डबकी मात्र दिसायची. मी त्यावर बसले. आधी म्हटलं, जरा दम घेऊ. मग म्हटलं, मागच्या दोन खेपांचे आकडे आहेतच. मग पेन्सिल घेतली. सहाव्या डबक्यात प्रवाळ जास्त, तिथे जाती नऊ लिहिल्या. सातव्यात कमी, तिथे चार. कुठे एखादा मासा वाढवला, कुठे कमी केला, खरं वाटावं म्हणून. पाच डबकी दहा मिनिटांत झाली. आणि मग भरती वळायला चांगला तासभर उरला होता, म्हणून मी तिथेच बसून भानूला बघत राहिले. ती एकेका डबक्यापाशी आडवी व्हायची, ओढणी कमरेला खोचलेली, कपाळ पाण्याला टेकलेलं. पुटपुटत मोजायची, उठून लिहायची, पुन्हा आडवी व्हायची. प्रत्येक डबकं दोनदा मोजलं तिने. दहाच्या दहा. त्या सकाळी त्या खडकावर तिच्या कामाला एकच साक्षीदार होता आणि तो मी होते.

पुढच्या महिन्यात मॅडमनी दोघींचे आकडे आलेख कागदावर मांडले. माझे ठिपके एका तिरक्या रेषेत छान चढत गेले. प्रवाळ जास्त, जाती जास्त. भानूचे ठिपके मूठभर तांदूळ फेकल्यासारखे पसरलेले. मॅडमनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या.

"सुमन, तिसऱ्या खेपेला भानूने खरंच मोजलं का? मला वाटतं तिने मनाने आकडे भरलेत. असे विखुरलेले आकडे मोजलेले नसतात. आणि तिचं आधीपासूनचं जे म्हणणं होतं त्याला ते नेमके सोयीचे आहेत. तू तिथे होतीस. तिला डबक्यांत वाकलेली पाहिलंस?"

आज मी स्वतः विद्यार्थ्यांच्या वह्या तपासते तेव्हा मला पक्कं माहीत असतं की मनाने भरलेले आकडे कधी विखुरत नाहीत, ते शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहतात. मॅडमना ते का कळलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांना जे हवं होतं ते मी त्यांना दिलं होतं, एवढंच.

मी तिला पाहिलं होतं, हे मला सांगता येत नव्हतं. पाहिलं म्हटलं तर कुठून पाहिलं, ते सांगावं लागलं असतं. चराच्या पलीकडे, डबक्यात तोंड घालून मोजणाऱ्या मुलीला अलीकडचं काय दिसणार?

"माझं लक्ष नव्हतं, मॅडम," मी म्हणाले. "मी मोजत होते."

मॅडमनी मान हलवली. "बरोबर आहे. तुझं लक्ष कामात होतं."

एका खेपेच्या संशयावरून भानूचे तिन्ही खेपांचे आकडे बाद झाले. पुन्हा मोजायचं तर अख्खं वर्ष थांबावं लागणार होतं आणि तिच्या घरी तेवढं थांबायला कुणी तयार नव्हतं. तिने जुन्या पुस्तकांवरून कसाबसा प्रबंध पुरा केला. वर्गात तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मासेवाल्यांची पोर, मासे मोजायचाही कंटाळा!" मी पुस्तकाचं पान उलटलं. भानू मात्र माझ्याशी पूर्वीसारखीच वागत होती. केबिनमध्ये मला काय विचारलं गेलं, ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी दुपारी ती घरी आली. माय साड्या द्यायला बाजारात गेली होती. आबा रात्रपाळी करून आत झोपलेले, त्यांच्या कानाशी ढोल वाजवला असता तरी उठले नसते. भानू जेवायला बसली नाही. म्हणाली, "तुझी वही दाखव ना. तिसऱ्या खेपेची. मला शिकायचंय माझं कुठे चुकलं. कदाचित मला खरंच मोजता येत नसेल."

मी वही दिली. काय करायला हवं होतं? नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ती मांडी घालून बसली, बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. अलीकडच्या पाच डबक्यांची पानं खाऱ्या पाण्याने फुगून लाटांसारखी झाली होती, पेन्सिलीचं अक्षर पुसटलेलं, एका ठिकाणी वाळूचा कण चिकटलेला. तिने पान उलटलं. पुढची पाच पानं सपाट होती, कोरडी, अक्षर एकसारखं. ती त्या पानांवरून बोट फिरवत राहिली. मग मागची पानं, मग पुन्हा पुढची. भिंतीमागे लूम चालू होते आणि मला त्यांचा आवाज येईनासा झाला होता.

"तू खडकावर बसली होतीस," ती म्हणाली. "मी मान वर केली की दिसायचीस. मला वाटायचं, किती लवकर मोजून आली! एकटीने चर ओलांडला म्हणून मला बरं वाटलं होतं."

मी रडायला लागले. ती रडली नाही, ओरडलीही नाही. वही मिटून साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"मी कुणाला सांगणार नाही. तू सांग. मॅडमना तूच जाऊन सांग."

"सांगते," मी म्हणाले. "सोमवारी सांगते."

सोमवारी मी गेले. खरंच गेले, हे लिहिताना स्वतःची बाजू घेतल्यासारखं वाटतं, पण गेले होते. दार लोटून आत पाऊल टाकलं तर मॅडमच उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढच्या संशोधनात मदतनीस म्हणून एक जागा मंजूर झाली होती, आणि त्यांनी माझं नाव पाठवलं होतं. "पुढे पीएच.डी. कर," त्या म्हणाल्या. "तुझ्या आई-वडिलांना मी स्वतः भेटेन." आणि त्या भेटल्याही. लिंबायतच्या आमच्या गल्लीत, गटार ओलांडून, कडक इस्त्रीच्या साडीत. आबांना त्यांचं बोलणं ऐकू येईना म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं की सुमन हुशार आहे आणि प्रामाणिक आहे. मायने त्यांच्यासाठी शेवभाजी केली होती. मी वाढत होते. त्या दोन शब्दांपैकी दुसरा ऐकला तेव्हा माझ्या हातातली वाटी कलंडली आणि रस्सा नव्या साड्यांवर सांडला.  त्या दिवशी मायला साड्यांचं काहीच वाटलं नाही.

त्यानंतर भानू आमच्याकडे आली नाही. तिचा निकाल जेमतेम लागला आणि ती गावी गेली. माय विचारायची, "भानू काबर येत नही वं?" मी म्हणाले, "तिनं लगीन व्हई गयं. दूर दिधं तिले." मायला फार लागलं. "आपले बलायं बी नही!" कितीतरी दिवस ती हेच म्हणत राहिली, की पोरीने लग्नाला बोलावलं नाही.

मी त्याच खडकावर पाच वर्षं काम केलं. पोहायला शिकले. डबकी मोजली, प्रवाहांबरोबर वाहत येणारी पिल्लं जाळीत धरली, कुठल्या महिन्यात कुठली येतात ते पाहिलं. आणि माझ्या कागदावरचे ठिपके मूठभर तांदूळ फेकल्यासारखे पसरले. खोली महत्त्वाची असते, मॅडमचं ते खोटं नव्हतं. प्रवाळ मेलं की कितीतरी मासे जातातच. कुणी कुणाला खातं, कुणी शेवाळ राखतं, त्यानेही फरक पडतो. पण सारख्याच दोन खोल्यांत वेगळी बिऱ्हाडं का, याचं उत्तर भानूने वर्गात हात वर करून दिलं होतं तेच निघालं. मी ते प्रबंधात लिहिलं. मॅडमनी ते मान्य केलं, मोठ्या मनाने केलं, "माझं चुकलं होतं, तू मला शिकवलंस," म्हणाल्या. आभाराच्या पानावर मी सगळ्यांची नावं घातली. भानूचं लिहायला पेन टेकवलं, पण कशाबद्दल आभार तेही लिहावं लागलं असतं. पेन उचललं. मॅडम गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनाही मी सांगितलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने झिंग्यांच्या तलावांवर टिपण लिहून आणलं. इतकं नेमकं होतं की मी विचारलं, कुणी शिकवलं? "माझ्या भानूफोईने," तो म्हणाला. फोई म्हणजे आत्या. गावाचं नाव विचारायची गरज नव्हती. पुढच्या रविवारी मी गेले.

ती तलावाच्या बांधावर होती. पाणी घुसळणारी चाकं फिरत होती, ती बाटलीत पाणी भरून उजेडात धरून बघत होती. केस पांढरे, बाकी तशीच. मी जवळ जाईपर्यंत ती बघत राहिली.

"पाय अजून चाचपतच टाकतेस," ती म्हणाली.

तिने ओसरीवर बसवलं, चहा केला. मी सगळं सांगितलं, केबिनमधलंसुद्धा.  माझं संपल्यावर ती म्हणाली, "ते केबिनमधलं मला मॅडमनीच सांगितलं होतं. निकाल घ्यायला गेले तेव्हा. म्हणाल्या, तुझ्या मैत्रिणीलाही तुझ्या बाजूने बोलता आलं नाही." तिने कप खाली ठेवला. "पाण्याला घाबरलीस, ते मी वही पाहिली त्याच दिवशी सोडून दिलं होतं, सुमन. पण तू मला तासभर बघत होतीस."

मी विद्यापीठाला सगळं लेखी कळवीन म्हणाले. तिने हाताने ते बाजूला सारलं, माशी वारावी तसं. "लिहायचं तर लिही. माझ्यासाठी नको लिहूस. मला त्याचं आता काय करायचंय?" मग तिने विचारलं, "तुझी आई?"

"गेली. पाच वर्षं झाली."

"मी येईनाशी झाले तेव्हा त्यांना काय सांगितलंस?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. तोंडाशी आलंही होतं. मग सांगितलं. "तुझं लग्न झालं, तुला दूर दिलं, असं. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, की तू तिला बोलावलं नाहीस."

भानूने चाकांकडे पाहिलं. मग हसली. त्या हसण्याने मी मान खाली घातली.

"मी लग्नच केलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे तिथेही तू मनाने भरलंस."

ती उठली. दुसऱ्या तलावाचं पाणी बघायची वेळ झाली होती. मला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बाटल्यांची टोपली कमरेवर घेऊन बांधावरून चालत गेली, एका जागी गुडघे टेकून वाकली, पाणी भरून घेतलं, आणि उठताना तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओसरीवर बसून ते सगळं बघत होते.